सगळ्यांत सुखी वस्ती

निवृत्त झाल्यावर माणसाने घरात बसून राहू नये, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. सुनेला तर त्याच्याही आधी कळलं होतं. भाजीत मीठ किती असावं, नातवाने दूध कधी प्यावं, गॅलरीतल्या तुळशीला ऊन कुठून यावं, अशा सगळ्या विषयांवर मी मतं देऊ लागले, आणि मत दिलं की स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात ठेवलं जायचं. जन्मभर मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या बाईला समोर वर्ग नसला की ती घरच्यांच्या डोक्यावर मिरे वाटणार, दुसरं काय करणार? त्यामुळे पुण्याच्या एका संस्थेने सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत संध्याकाळचं खेळघर चालवायला अनुभवी बाई हवी म्हणून विचारलं, तेव्हा माझ्याआधी सुनेनेच होकार देऊन टाकला.

आमचं घर होटगी रस्त्याला, बंगल्यांच्या वसाहतीत. सगळी मुलाची कर्तबगारी. माझ्या पगारात तिथलं नुसतं फाटक आलं असतं, तेही बिनरंगाचं. तिथून एका रिक्षाने नवी पेठ, पेठेतल्या गर्दीतून वाट काढत दुसरी रिक्षा, आणि मग पूर्वेकडची वस्ती. बोळात शिरलं की यंत्रमागांची खडखड आधी कानात आणि मग पायांच्या तळव्यांत जाणवायला लागते. पहिले काही दिवस घरी परतल्यावरही माझं डोकं खडखडत राहायचं. नंतर सवय झाली.

खेळघर हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर झोपाळे आणि घसरगुंडी आली असेल तर त्याने ती परत पाठवावी. शाळेच्या मागच्या बाजूची पत्र्याची एक खोली, दोन सतरंज्या, एक कॅरम, गोष्टीच्या पुस्तकांनी भरलेली एक पेटी आणि मी, एवढीच सामग्री. शाळा सुटली की मुलं तिथे यायची आणि दिवेलागणीपर्यंत थांबायची. त्या वस्तीत बाप मागावर असतो, आई विड्या वळत असते, आणि घरात एखादं मूल मोकळं दिसलं की त्याच्या हातात काहीतरी काम येऊन पडतं. विडीची पानं कापून दे, मागाच्या कांड्यांवर सूत भर, धाकट्याला घे. खेळघरात बसलेलं मूल घरच्यांच्या नजरेआड असायचं. त्या खोलीचा खरा उपयोग एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

चौथीतली एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन यायची. भावाला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. तो तिला ‘अक्का’ म्हणायचा, म्हणून सगळी मुलं तिला अक्का म्हणायची, आणि पुढे मीही म्हणायला लागले. भावाला सतरंजीवर सोडून ती पेटीतलं पुस्तक काढायची आणि पालथी पडून वाचत बसायची. इतकी गुंगायची की एकदा भावाने अर्धा खडू खाल्ला तरी तिला पत्ता नव्हता. तिच्या आईला मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, रोज पाठवत जा. आईने हातातली विडी वळता वळताच उत्तर दिलं.

“खोली हाय म्हनून सोडते, बाई. खोली नसली तर कांड्या भरायला बसंल. हात रिकामा कशाला ठिवायचा?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेलं कोणाला बघवत नाही. संस्थेला पैसे देणाऱ्या कोणा मोठ्या माणसाला ‘परिणाम’ बघायचा होता. मुलं रोज येतात, हसतात, भांडतात, पुस्तकं फाडतात, हा परिणाम त्याला पुरेसा वाटेना. त्याला आकडा हवा होता. मग संस्थेने ठरवलं की सोलापुरातल्या निरनिराळ्या वस्त्यांमधल्या मुलांचं सुख मोजायचं, आणि कुठल्या वस्तीतली मुलं किती सुखी आहेत हे शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवायचं. मी जन्मभर पर्जन्यमान शिकवलं. पाऊस मोजायला निदान एक भांडं उघड्यावर ठेवावं लागतं. इथे तेही नको होतं.

त्यासाठी पुण्याहून पाच-सहा तरुण मुलंमुली आली. एकसारखे टीशर्ट, पाठीला सॅक, हातात टॅब. त्यातली एक मुलगी आमच्या वस्तीकडे नेमलेली होती. स्वभावाने गोड, उन्हाने लालबुंद झालेली, आणि नव्या पेठेत चांगली शेंगाचटणी कुठे मिळते हे विचारून घेणारी. तिने मला पद्धत समजावून सांगितली. एका कार्डावर पाच तोंडं काढलेली होती. पहिलं धाय मोकलून रडणारं, मग थोडं थोडं सुधारत शेवटचं बत्तीशी दाखवणारं. आपण प्रश्न विचारायचा आणि मुलाने आपल्या मनासारख्या तोंडावर बोट ठेवायचं. प्रश्नांची नावं भारदस्त होती. भावनिक सुस्थिती, परिसराशी नातं, अभिव्यक्तीचा अवकाश. मी तिला विचारलं की या मोजणीतून जे निघेल त्याचं पुढे काय होणार. ती म्हणाली, ते आम्हालाही सांगितलेलं नाही मॅडम, नाहीतर लोक तशी उत्तरं देतात, माहिती शुद्ध राहत नाही.

ती शुद्ध राहणार नाही, हे मात्र मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे कर्तव्यदक्ष बाई. तपासणीला साहेब येणार असला की आदल्या दिवशी त्यांच्या अंगात यायचं. बागेतल्या दगडांना चुना-गेरू फासला जायचा, हुशार मुलं पुढच्या बाकांवर यायची, आणि वर्गाला ताकीद असायची की साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई फक्त उजव्यांना उठवायच्या. साहेब खूश होऊन जायचे, चहा-पोहे खाऊन शेरा चांगला लिहायचे. वर्षानुवर्षं हे चालत आलेलं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मी खेळघर उघडायला गेले तर चौथीच्या वर्गात फळ्यावर पाच तोंडं. बाई हातात छडी घेऊन उभ्या.

“घरी आनंदात आहात का? बोट कुठे?”

“शेवटच्या तोंडावर,” सगळा वर्ग एका सुरात.

“शाळा आवडते का? बोट कुठे?”

“शेवटच्या तोंडावर.”

एका मुलाने चुकून मधल्या तोंडाचं नाव घेतलं. त्याला उभं करून पुन्हा म्हणायला लावलं. आनंदात नसल्याबद्दल मुलाला उभं केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी मुख्याध्यापिकांना बाजूला घेऊन सांगितलं, अहो बाई, ही परीक्षा नाही, मुलांना वाटेल ते सांगू द्या. त्यांनी माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. म्हणाल्या, तुम्ही खाजगी शाळेतल्या, तुम्हाला काय कळणार. आमच्याकडे बाहेरून माणूस आला की ती परीक्षाच. मूल रडकं निघालं तर उद्या मेमो कोणाला येईल? आईबापांना नाही येणार, मला येईल. यावर मला हसू आलं, आणि हसून मी खेळघरात निघून गेले. चांगलं दिसलं तर चांगलंच होईल, फार तर एखादा जास्तीचा कॅरम मिळेल, असा माझाही हिशेब होता.

मोजणीच्या दिवशी पुण्याची मुलगी आवारातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसली. शाळेतच काय, त्या बोळातही दुसरं झाड नव्हतं. ती एकेका मुलाला विचारत होती, तुझ्या घराच्या आसपास भरपूर झाडं आहेत का. मूल वर त्या कडुनिंबाकडे बघायचं, मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांकडे बघायचं, आणि बोट शेवटच्या तोंडावर ठेवायचं. वस्ती बघता बघता जंगल होऊन गेली.

पुढचा प्रश्न होता, घरी शांतता असते का. कुंपणाला लागूनच मागांची शेड. तिथले माग नेमके भरात आलेले. बिचारीने प्रश्न विचारला, मुलाला ऐकू गेला नाही. पुन्हा विचारला, तरी नाही. शेवटी खुर्चीतून उठून, दोन्ही हातांचा कर्णा करून ती मुलाच्या कानाशी ओरडली की घरी शांतता असते का, आणि मुलाने हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. तिने ते टॅबमध्ये भरलं. तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलेलं मी पाहिलं, पण रांगेत पुढचं मूल उभं होतं.

मग अक्का आली. कडेवर भाऊ होताच. बहुतेक प्रश्नांना तिने शिकवल्याप्रमाणे झटाझट बोट ठेवलं. मग प्रश्न आला, मोठी माणसं तुझं म्हणणं ऐकून घेतात का. अक्का थांबली.

“कुटली मोटी मान्सं?”

कुठलीही, मुलगी म्हणाली.

अक्काने खरोखर विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती बोलायला लागली, की खेळघरातल्या बाई ऐकतात, घरी पप्पा माग बंद असला की ऐकत नाहीत, लई गप बसतात, माग चालू असला की मग...

“बोलायची गरज नाही हं बाळा,” पुण्याची मुलगी प्रेमाने म्हणाली, “नुसतं बोट ठेव.”

व्हरांड्यातून मुख्याध्यापिका खाकरल्या. अक्काने शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं आणि भावाला सावरत वर्गात गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. पण राग घेऊन जायचं कुठे, हे न कळल्यामुळे मी तो घरी घेऊन गेले.

घरी जेवताना नातवाने बातमी दिली की त्याच्या इंग्रजी शाळेतही ती कार्डवाली माणसं आली होती.

“मी सगळ्याला क्रायिंग फेस दिला,” तो म्हणाला.

सुनेच्या हातातली पोळी हातातच राहिली. का रे बाळा, तुला काय कमी आहे, वगैरे चौकशी सुरू झाली. कारण असं निघालं की सकाळी आईने मोबाईल काढून घेतला होता, शिवाय रविवारी पोहण्याचा क्लास ठेवला होता, आणि त्याच्या मित्रानेही क्रायिंग फेसच दिला होता. मोठी माणसं तुझं ऐकतात का, यालाही तेच. हे तो आम्हाला सांगत होता तेव्हा घरातली तिन्ही मोठी माणसं जेवण सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. नंतर त्याने दुसऱ्यांदा आइस्क्रीम मागितलं आणि त्याला ते मिळालं.

काही महिन्यांनी निकाल जाहीर करायला स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मुख्याध्यापिका ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या. संस्थेचे संचालक पुण्याहून आले होते. बोलताना दोन्ही हातांनी हवेत अदृश्य भोपळा धरायची त्यांना सवय होती. पडद्यावर सोलापूरचा नकाशा आला. दुःखी वस्त्या लाल, सुखी हिरव्या. आमची विणकर वस्ती गर्द हिरवी. सगळ्या शहरात पहिली. झाडांमध्ये पहिली. घरातल्या शांततेत पहिली. यंत्रमागांची वस्ती शहरातली सर्वांत शांत म्हणून पडद्यावर झळकली तेव्हा हॉलमध्ये निम्मी माणसं सोलापूरची होती. एकही हसला नाही. सगळे वहीत लिहून घेत होते.

नकाशाच्या खालच्या बाजूला एक लालभडक ठिपका होता, तो होटगी रस्त्यावरच्या आमच्या बंगल्यांचा. संचालकांचा आवाज तिथे भरून आला. समृद्धीतलं एकाकीपण, ते म्हणाले, हे आपल्या काळाचं न दिसणारं दुःख आहे. मी मनात म्हटलं, दिसतं की, काल रात्री नातवाने पिझ्झाचे कडेचे तुकडे टाकून दिले.

मग मुख्याध्यापिकांना गुच्छ मिळाला, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर संचालकांनी सांगितलं की साधनं जिथे गरज आहे तिथेच गेली पाहिजेत. विणकर वस्तीतली मुलं सुखी असल्याचं सिद्ध झालेलं असल्यामुळे तिथलं खेळघर बंद करून ते बंगल्यांच्या वसाहतीतल्या क्लबहाउसमध्ये सुरू करण्यात येईल.

मुख्याध्यापिका गुच्छ छातीशी धरून बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी लागल्या.

“म्हणजे आपण पास ना?”

मी उठून उभी राहिले. तीस मुलींच्या वर्गाला गप्प करणारा माझा आवाज अजून शाबूत आहे. मी सांगितलं की मुलांकडून आदल्या दिवशी घोकून घेतलेलं होतं, मला ते फळ्यावर दिसलं होतं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं पाहिलं की गुच्छातली फुलं कोमेजावीत. संचालक शांतपणे म्हणाले, अशी थोडीफार चूक प्रत्येक मोजणीत धरलेलीच असते. मी विचारलं, तुम्ही स्वतः त्या वस्तीत कधी आलात का. ते म्हणाले, मुद्दाम आलो नाही, म्हणजे मनात पूर्वग्रह राहत नाही. मी म्हटलं, मग आता चला, खाली रिक्षा आहेत, घटकाभर त्या शांततेत बसू. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती, आणि स्टेशन तर समोरच होतं.

बाहेर जिन्यात ती पुण्याची मुलगी माझी वाट बघत उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते, आणि या खेपेला ते उन्हाने नव्हते.

“मला कळत होतं मॅडम,” ती म्हणाली. “पण टॅबमध्ये तसं लिहायला जागाच नव्हती.”

तिला मी काय बोलणार? ती लेकाच्या वयाचीही नव्हती. पण मागून आलेल्या संस्थेच्या माणसाने जेव्हा हसत हसत सुचवलं की नवीन खेळघर तुमच्या घरासमोरच होतंय, तुम्हीच चालवा, रिक्षाची दगदग वाचेल, तेव्हा मी त्याला जे सुनावलं ते माजी शिक्षिकेने कागदावर उतरवू नये. क्लबहाउसमधलं ते खेळघर आता दुसऱ्या कोणीतरी बाई चालवतात. नातू दोनदा गेला आणि कंटाळला.

वस्तीतलं सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं, पण किल्ली माझ्याकडे होती. दोन माणसांनी कॅरम उचलला, सतरंज्या गुंडाळल्या, पुस्तकांची पेटी दोरीने बांधली. मला रडू येत होतं आणि मुख्याध्यापिकांसमोर रडायचं नव्हतं. त्यांच्या कार्यालयात तो गुच्छ अजून होता, वाळलेला, पाणी बदललेला. त्यांनी मला चहा पाठवला. मी तो प्यायले नाही.

मुलं टेम्पोभोवती थोडा वेळ घोळका करून उभी राहिली आणि पांगली. अक्का राहिली. भाऊ कडेवर पेंगत होता. उद्यापासून शाळा सुटली की ती कांड्या भरायला बसणार हे तिला माहीत होतं आणि मलाही.

“बाई, आमचा पैला नंबर आला म्हनं.”

आला, मी म्हटलं.

“मग सामान का न्यायलेत?”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. ज्या मुलांना जास्त वाईट वाटतं त्यांना खोली द्यायची असं त्या लोकांनी ठरवलंय, आणि तुम्ही तर सगळ्यांनी बरं वाटतं म्हणून सांगितलंत. हे बोलताना माझं मलाच खोटं वाटत होतं. अक्काने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, तिची ती कपाळाची आठी घालून.

“परत येनार हायेत का ती मोजायला?”

येतील काही वर्षांनी, मी म्हटलं.

“मग तवा कुटल्या तोंडावर बोट ठिवायचं?”

रडक्या तोंडावर, हे माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत. तसं सांगितलं असतं तर तिने ते घरोघर जाऊन सगळ्यांना शिकवलं असतं आणि खेळघर कदाचित परतही आलं असतं. पण तेवढ्यात फळ्यावरची ती पाच तोंडं आणि छडी आठवली, आणि मी ते गिळलं.

“तुझं जे खरं असेल ना, त्यावर ठेव,” मी म्हटलं.

अक्काने मान डोलावली. भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. बोट पुढे करून ती थांबली, आणि मी दाखवीन तिकडे ठेवायच्या तयारीने माझ्याकडे बघत म्हणाली,

“व्हय. पन खरं कुटलं, ते सांगा की, बाई.”